नळीतलं लाल मुंडासं

निडी गावच्या काळुरामला लोक काळ्या जिभेचा म्हणत. लग्नाच्या मांडवात खांबाकडे बोट दाखवून हा बाबा सांगणार, ही मेढ हलतेय, कुणाच्या तरी डोक्यात बसेल. होडीत पाय ठेवणाऱ्याला म्हणणार, बुडशील रे. बायका त्याला बघून पोरं पदराआड घेत. पण हा माणूस एकदाच गप्प बसला होता, ते मेलं कुणाला आठवायला नको.

साल एकसष्ट असेल. परवाना असला की तेव्हा शिकारीला जाता येई. ठासणीच्या बंदुकीनं सांबर नुसतं जखमी व्हायचं, मग दिवसभर रक्ताचे थेंब शोधत हिंडायचं, याचा काळुरामला वीट आला होता. म्हणून मेव्हण्याला, रघूला, घेऊन तो पेणला रामवाडीत फारुखभाईंच्या बंदुकांच्या दुकानात गेला. बोल्टच्या, म्हणजे मागची दांडी सरकवून गोळी भरायच्या, दोन रायफली होत्या. नवीचा बोल्ट जरा अडखळत होता. जुनीचा बोटानं ढकलला तरी मुकाट सरकायचा, आणि खांद्याला तर ती अशी बसली की याच्याच मापानं घडवलेली. आधीचा मालक कोण, असं विचारल्यावर फारुखभाई चहा सांगायला उठले.

नळी पारखायची रीत सोपी. बोल्ट काढून मागून डोळा लावायचा, पुढे कुणीतरी पांढरा रुमाल धरायचा, म्हणजे आतला गंज दिसतो. रघूनं रुमाल धरला. काळुरामनं जुनीला डोळा लावला, तर रुमाल दिसेना. नळीच्या त्या टोकाला भर दुपारी कारवीचं रान होतं, आणि लाल मुंडासं बांधलेला रघू त्यात पालथा पडला होता. दचकून मान वर केली, तर रघू उघड्या डोक्यानं समोर हसत उभा. काळुरामनं जुनी रायफल खाली ठेवली. त्यानं मुकाट्यानं नवी रायफल घेतली. वाटलं, सुटलो.

पंधरा दिवसांनी सगळे शिकारीसाठी गावदेवीपुढे जमले. नारळ फुटला. नारळ फुटल्यावर सावज पडेपर्यंत कुणी वाईट, अपशकुनी शब्द काढायचा नाही, काढलाच तर सगळ्यांनी माघारी फिरायचं, ही तिथली रीत. तेवढ्यात रोह्याचे हैबतराव आले. त्यांच्या खांद्याला तीच जुनी रायफल! आणि हाके घालून सांबर उठवायला निघालेल्या रघूच्या डोक्याला लाल मुंडासं. रानात लांबून दिसावा म्हणून त्याच्या बहिणीनं, म्हणजे काळुरामच्या बायकोनं, पुतळीनं, सकाळी स्वतःच्या हातानं बांधलं होतं.

"भावजी, असं काय बघताय?" रघूनं विचारलं.

शब्द अगदी ओठांवर आला होता. वीस माणसं खोळंबली होती.

"काय नाय," काळुराम म्हणाला. "जा."

हाके उठले. समोरची कारवी हलली. एकच बार झाला, तो हैबतरावांचा. कारवीत सांबर नव्हतंच.

काळुरामनं पुतळीला सगळं सांगितलं, नळीत दिसलं तेसुद्धा. ती रडायची थांबली.

"तुमाला दिसलं व्हतं," ती म्हणाली. "मंग बोललात का नाय?"

नवी रायफल त्यानं एकदाही न झाडता सरकारजमा केली. पण जीभ मात्र त्या दिवसापासून थांबली नाही. मांडव असो की होडी, मनात आलं की तो बोलायचाच. लोक शिव्या घालायचे. पुतळी मात्र हातातलं काम टाकून उठायची, आणि मेढ हलवून बघायची.