पिवळी रेघ नसलेलं चाक

अन्याय झाला तो हातखंबा तिठ्यावरच्या इस्माईलचाचांवर. झाला गेल्या मे महिन्यातल्या दुसऱ्या शुक्रवारी, दुपारी दीड वाजता, चाचा जुम्म्याच्या नमाजाला उभे असताना. त्यांचा फोन दुकानाच्या फळीवर चार्जिंगला लावलेला होता. त्या फोनवर, माझ्या फोनवर आणि बहुतेक तुमच्याही फोनवर जेमतेम मिनिटभराचा एक व्हिडिओ येऊन पडला. लांज्याच्या पुढे गटारात कलंडलेली गाडी, पुढचं डावं चाक गायब, आणि मागून आवाज... "ह्या चाकाला शेवटचा हात हातखंब्याच्या म्हाताऱ्या टायरवाल्याचा लागलाय. बोल्ट ढिले सोडलेन. सगळ्यांनी सावध राहा." चाचा नमाज पढून परत येईपर्यंत तालुकाभर निकाल लागला होता.

चाचा गेले त्याला आता सहा आठवडे होतील. बातमी आली तेव्हा मी लांज्याच्या छापखान्यात आमच्या रस्ता समितीच्या पत्रकाचं प्रूफ तपासत होते. त्यांची मुलगी शबाना फोनवर एवढंच म्हणाली, "अब्बा गेले गो." माझ्या हातातल्या कागदावर मथळा होता, 'आता गप्प बसणार नाही.' तो मथळा मीच दिलेला. मी प्रूफ तसंच टाकून बाहेर आले आणि स्कूटरपाशी नुसती उभी राहिले. डॉक्टरांनी कारण हृदय लिहिलंय. व्हिडिओनं माणूस मेला असं लिहायला माझे हात शिवशिवतायत, पण लिहिणार नाही. जे मोजलं नाही ते सांगायचं नाही, हे मला चाचांनीच शिकवलं होतं.

आमची ओळखच त्यावरून झाली. तीनेक वर्षांपूर्वी मी तिठ्यावर महामार्गाच्या खड्ड्यांबद्दलची पत्रकं वाटत होते. चिऱ्याच्या गडग्याला टेकवून ठेवलेले टायर, त्यापुढे पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये चश्म्याला दोरी बांधलेला एक उंच, वाळका माणूस. त्यानं पत्रक दोनदा वाचलं. आमचं पत्रक दोनदा वाचणारा तो पहिलाच. मग म्हणाला, "काय गो बाय, खड्डा गुडघाभर खोल म्हणतंस. कुनाचा गुडघा? मोजलास काय?" मी नव्हता मोजला. त्यानं फळीवरची लोखंडी पट्टी काढून माझ्या हातात दिली. "जा, मोजून ये. मग शिव्या घाल. मोजलेली शिवी लागते." त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक पत्रकात खोलीचे आकडे असतात. समितीत त्याचं श्रेय मला देतात. मी आजवर ते घेत आलेय.

चाचांनी मस्कतच्या एका गॅरेजात बावीस वर्षं काढली होती. तिथून त्यांनी दोन गोष्टी आणल्या, पाठदुखी आणि अरबी आकडे. चाक बसवताना हवेची गन ते शेवटाला घेत. आधी प्रत्येक बोल्ट बोटांनी फिरवायचा आणि एकेक फेरा मोजायचा... "वाहिद, इतनैन, तलाता..." सातच्या पुढे गेला की मान हलवायची. कोणी आपल्या गाडीला बाजारातली फॅन्सी अलॉय चाकं लावून आला की ते जुना बोल्ट काढून नव्या चाकाच्या भोकात घालून बघत, कारण त्या चाकांचा गाभा बऱ्याचदा जाड असतो. जुना बोल्ट त्या जाडीतच संपतो, आत पकडायला आटे उरत नाहीत. शिवाय डोक्याखाली गोल असलेला बोल्ट निमुळत्या भोकात नुसता टेकतो, बसत नाही. हे गिऱ्हाइकांना सांगून सांगून त्यांनी एक सोपी पद्धत काढली होती. "तुमच्यात सात पावलं चालल्याशिवाय लगीन लागत नाय ना? ह्याचं तसंच. चार पावलांवर नवरी सोडून जाते." तिथं बसलेले सगळे हसत. चाचा हसत नसत.

चाक बसलं की ते बोल्टच्या डोक्यावरून चाकावर येईल अशी पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढायचे. बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. आणि वर हुकूम, "लांज्याला जा, चाय पी, परत ये. मग मी पुन्हा आवळून देतंय." नवी चाकं थोडी धावल्यावर बोल्ट जरा सैल पडतात, म्हणून हा लांज्याचा चहा. फुकट आवळून द्यायचे, तरी लोकांना कंटाळा. एका पठ्ठ्यानं समोरच्याच टपरीवर चहा मारला आणि अर्ध्या तासानं येऊन म्हणाला, "आलो चाचा, लांज्याहून." चाचांनी चाकाच्या आत ब्रेकवर हात ठेवला, तो थंडच. "लांज्याचा चाय लय लवकर गार झाला तुझा," म्हणाले, आणि त्याला पुन्हा पाठवला. पाली, निवळी, लांजा, कुठंही गाडी लावलेली दिसली की मी चाकाकडे बघते. पिवळी रेघ असली की समजायचं, चाचांचा हात.

आता त्या मंगळवारचं सांगते. व्हिडिओच्या तीन दिवस आधीचं. मी दुकानातल्या बाकड्यावर बसले होते. आमच्याच समितीतला एक तरुण गाडी घेऊन आला. त्याचं नाव लिहीत नाही. त्यानं जुनी पण महागड्या जातीची गाडी घेतली होती, आणि बहिणीच्या हळदीआधी तिला काळी अलॉय चाकं बसवून घेतली होती, दुसरीकडे कुठेतरी. तक्रार अशी की पुढून गाडी थरथरते. ह्या गाड्यांना नट नसतात, चाकातून बोल्ट घालून आत आवळायचा असतो. चाचांनी पुढचं डावं चाक उतरवलं, बोल्ट हातानं फिरवला. वाहिद, इतनैन, तलाता, अरबा... आणि थांबले. दुसरा घेतला. तोही चारावर. जुनेच बोल्ट होते.

"बाला, गाडी हयसर ठेव. लांब बोल्ट मागवतंय, दोन दिवसांत येतील."

"चाचा, उद्या हळद आहे! मुंबईची माणसं आणायचीत स्टेशनवरून."

"रिक्षा कर."

"नव्या चाकांची गाडी दारात आणि रिक्षा करू? लोक हसतील."

"हसूंदेत. मी हे बसवणार नाय."

त्यानं चाचांच्या पायाशी पडलेला पाना उचलला आणि स्वतःच चाक चढवलं. पान्यावर उभा राहून दोनदा उडी मारली. चाचा म्हणाले, "जोर लावून आटे वाढत नाय रे." तो हसला, मला म्हणाला, "ताई, मोर्च्याला चाळीस गाड्या आणतोय, लिहून ठेव." आणि गेला. चाकावर पिवळी रेघ नव्हती. मी बघितलं. बघणारी मी एकटीच होते.

गुरुवारी लांज्याच्या पुढे चाक निघालं. गाडीत त्याची आई होती, मांडीचं हाड मोडलं. शुक्रवारी व्हिडिओ आला, आवाज त्याचाच. संध्याकाळी मी चाचांकडे गेले तेव्हा ते टायरच्या थप्पीवर बसले होते, फोन मांडीवर. मला वाटलं भडकलेले असतील. पहिला प्रश्न विचारलान तो, "त्याच्या आईचं काय झालं?" असा. मग फोन माझ्यापुढे धरून, "बाय, तू होतीस ना हयसर? तू लिव ना दोन ओळी. तुझं लोक वाचतात."

मी म्हटलं, "लिहिते चाचा. मोर्चा होऊंदे."

मोर्चा आठ दिवसांवर होता. चाळीस गाड्या तो आणणार होता. मी खरं लिहिलं असतं तर समिती फुटली असती. हा हिशेब मी त्यांच्यासमोर, त्यांच्याच बाकड्यावर बसून मनात केला, आणि त्यांना तो कळला. "बरं," म्हणाले. पुन्हा लिही म्हणून कधी म्हणाले नाहीत. मोर्चा झाला, मोठा झाला. त्यानंतर निवेदन होतं, मग बैठक, मग पाऊस. लिहायचं कारण मला दर आठवड्याला सापडत होतं आणि न लिहायचंही. तिकडे हातखंब्याला दुकानापुढं गाडी थांबेनाशी झाली. बारा-बारा वर्षांची गिऱ्हाइकं, जी लांज्याचा चहा पिऊन परत यायची, ती पुढच्या पेट्रोलपंपावर जाऊ लागली. त्यांच्या चाकांवर अजून पिवळ्या रेघा होत्या. व्हिडिओतल्या कलंडलेल्या गाडीची उरलेली तीन चाकं स्पष्ट दिसतात. एकावरही रेघ नाही, आणि चाचा एक चाक बसवलं तरी चारही तपासून रेघा ओढायचे. एवढं बघायला डोळे लागतात, दुसरं काही नाही. कोणी बघितलं नाही. ज्यांनी बघितलं त्यांनीही पुढे पाठवला.

चाचा त्यावर एकदाच बोलले, गणपतीच्या सुट्टीत. मी माझ्या स्कूटरचं मागचं चाक दाखवायला गेले होते. नट आवळून रेघ ओढता ओढता म्हणाले, "व्हिडिओ खोटा हाय. पन एक गोष्ट खरी हाय बाय. पाना माझा होता. तो त्याच्या हातातून काढून घ्यायला हवा होता मी." ज्याची काही चूक नव्हती तो माणूस स्वतःची चूक शोधून बसला होता, आणि जिची होती ती त्याच्याकडून स्कूटर दुरुस्त करून घेत होती.

चाचा गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. शबानानं खजुराचा एक जुना डबा पुढे ठेवला. आत एक बोल्ट. अपघातानंतर चाचा एसटीनं लांज्याच्या पुढे गेले होते, एकटे, सत्तराव्या वर्षी, आणि दुपारभर गटारातलं गवत चाळून त्यांनी तो शोधला होता. मी तो उजेडात धरला. टोकाचे चार आटे घासून चकचकीत, बाकी सगळे कोरे, आतपर्यंत कधी पोचलेच नव्हते. पुरावा त्यांच्या हातात होता. मी येऊन विचारीन म्हणून ठेवला असेल... मला तरी दुसरं काही सुचत नाही.

हा लेख मी त्या तरुणाला आधी वाचून दाखवला. त्याची आई आतल्या खोलीत काठी टेकत फिरत होती, तो आवाज ऐकू येत होता. तो शेवटपर्यंत मान वर न करता बसला, मग म्हणाला, "छाप."

बोल्ट आता माझ्या टेबलावर आहे. स्कूटरच्या नटावरची पिवळी रेघ अजून सरळ आहे, केसभरही फिरलेली नाही. बाकी तुमच्याकडून हवं ते एवढंच. तो व्हिडिओ तुम्ही ज्यांना ज्यांना पाठवलात, ती नावं फोनमध्ये अजून आहेत. पेपर खाली ठेवा, फोन उघडा आणि त्या प्रत्येकाला आज, आत्ता, स्वतःच्या नावानं लिहा, 'मी खोटं पाठवलं होतं. ते चाक इस्माईलचाचांनी बसवलं नव्हतं.' मोर्चा होईपर्यंत थांबू नका.