वैशाखातला मोगरा
कॅलेंडरावर वैशाख शुद्ध द्वितीया दिसली की मला रहिमतपूरच्या आमच्या परसातला मोगरा आठवतो. दुसरं महायुद्ध संपून वर्ष होत आलं होतं. शेजारी राहणाऱ्या चुलत जावेचा नवरा पलटणीतून घरी आला होता, माझ्या नवऱ्याचं मात्र पत्रही नव्हतं. आमची दोघींची लग्नं याच तिथीला, एकाच मांडवात झालेली. घरात मी एकटीच, तेवढाच विरंगुळा म्हणून उन्हाळाभर विहिरीचं पाणी ओढून मोगरा जगवला होता. त्या सकाळी जाऊ कुंपणापाशी आली. तेव्हा शिवजयंतीही याच तिथीला असायची, गावात मिरवणूक निघायची होती. "अगं, वंजळभर फुलं दे की. हाराला व्हतील, अन् गजऱ्यालाबी." तिच्या हातातल्या नव्या बांगड्या बघून माझा जीव जळला. "आज फुललाच न्हाई," मी म्हणाले. खुडलेली फुलं ओल्या फडक्याखाली माझ्या पायाशीच होती, आणि वास काही लपत नव्हता. तिनं फडक्याकडे पाहिलं. "असू दे. दोन तू माळ, आज तुझाबी दिस हाय," म्हणून निघून गेली. मी सगळी फुलं तिथंच मातीत पुरली. दिवाळीला नवरा सुखरूप आला, पण जावेशी मी पहिल्यासारखी कधी बोलू शकले नाही. खोटं कळूनही ती चिडली नव्हती. तिच्या त्या मनाचा मला अजून हेवा वाटतो.