मास्तरांनी गप्प केलेला कुत्रा

मास्तरांच्या शिंपीकामाच्या दुकानात तिघांनाच तोंड उघडायची परवानगी होती: कात्रीला, मशीनला आणि खुद्द मास्तरांना. बाकी सगळ्यांनी गप्प राहायचं. गिऱ्हाइकानंसुद्धा. "माप देताना माणूस दचकला की छाती दीड इंच वाढते," मास्तर म्हणत, "आणि मग कोट खांद्यावरून लोंबतो, नाव मात्र माझं जातं." त्यात खोटं काही नव्हतं. चाळीस वर्षांत त्यांच्या कोटाला कुणी झोळ दाखवला नव्हता आणि याची त्यांना जी घमेंड होती ती दुकानात मावत नव्हती.

कुत्रा मुलीनं आणला होता, कॉलेजात असताना. तपकिरी, आखूड पायांचा, डोळे असे गोल की नाव 'बटण' पडलं. कापायच्या टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगावर तो झोपायचा. परका माणूस माप द्यायला हात पसरून उभा राहिला की पिल्लू गुरगुरायचं, गिऱ्हाईक दचकायचं, आणि मास्तर हातातली लाकडी पट्टी सटकन पिल्लाच्या नाकावर मारायचे. रागानं नव्हे हं. आपण माशी हाकलतो ना, तसं, टेपवरची नजरसुद्धा न हलवता. सहा महिन्यांत बटणाचा आवाज बंद झाला. मग मास्तरांनी त्याचीही शेखी मिरवायला सुरुवात केली. "शेपटी ओढून बघा, हूं नाही की चूं नाही!" आणि गिऱ्हाइकं, माणसंच ती, ओढून बघायची.

अशी नऊ वर्षं गेली. मुलीचं लग्न झालं, बाळ झालं. तिची नोकरी जवळच होती, म्हणून नवरा-बायको बाळासकट वरच्या खोलीतच राहत. दिवसभर बाळ आजीपाशी, दुकानामागच्या खोलीत.

एका सकाळी मास्तरांची बायको रोजच्यासारखी टेबलाखालच्या चिंध्या झाडत होती. बटणानं ना दात दाखवले, ना कान पाडले. सरळ तिच्या उजव्या हाताचा चावा घेतला, अंगठ्याच्या मुळाशी. सात टाके पडले. त्याच हातानं ती गेली तीस वर्षं कोटांची काजं करत होती.

मास्तरांनी कुत्र्याला असा बदडला की शेवटी बायकोच रक्ताळलेला हात धरून आडवी आली. कुत्र्यानं तेव्हाही तोंडातून ब्र काढला नाही.

संध्याकाळी मुलगी म्हणाली, "बाबा, बाळ रांगायला लागलंय. तो तरी राहील, नाहीतर आम्ही तरी. मला दुसरी खोली मिळते."

"अगं, पण म्हातारा झालाय तो," बायको म्हणाली. "डॉक्टरला तरी दाखवू या."

जनावरांच्या डॉक्टरांनी बटणाची कंबर दाबली. "सांधा पार झिजलाय. इथेच झाडू लागला असणार. आधी गुरगुरला असेल ना?"

"छे! आमचा कुत्रा गुरगुरत नाही," मास्तर छाती फुगवून म्हणाले, आणि पट्टीची हकीकत रंगवून सांगितली.

डॉक्टरांनी बटणाच्या नाकावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मास्तर, दुखलं की कुत्रा आधी सांगतो, मग चावतो. तुम्ही त्याचं सांगणंच मारून टाकलंत. आता त्याच्याकडे चावणं तेवढं उरलंय."

मास्तरांना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी झोळ दाखवला होता. त्यांचं तोंड उतरलं.

"दुखण्यावर गोळ्या देतो," डॉक्टर म्हणाले. "पंधरा दिवस बघा. एकदा, फक्त एकदा जरी गुरगुरला, तरी वळण परत लावता येईल. तुमच्या मुलीला मी समजावीन. नाहीच गुरगुरला, तर रांगत्या मुलाच्या घरात याला ठेवा असं मी सांगणार नाही. आणि चावऱ्या म्हाताऱ्याला दुसरं कोण घेणार? मग इंजेक्शन देऊन झोपवायचं."

मुलगी बाळाला घेऊन पंधरा दिवसांसाठी मैत्रिणीकडे गेली, आणि मास्तरांनी दुपारी शटर ओढून कुत्र्याला गुरगुरायला शिकवायला घेतलं. साठीचा माणूस गुडघ्यांवर बसून "गुर्रर्र, गुर्रर्र" करायचा. बटण पोटावर सरपटत येऊन त्यांचे पाय चाटायचा. त्याच्या तोंडातलं हाड ओढावं, तर तो हाड सोडून द्यायचा. त्याचं ताट उचलावं, तर बाजूला होऊन भिंतीकडे बघत बसायचा. "बोल की रे माझ्या राजा," मास्तर म्हणायचे. असं लाडानं ते बायकोशीही कधी बोलले नव्हते. त्यांचा जीव खरंच तुटत होता, हे मान्य करायला हवं.

चौदाव्या दिवशी बायको टाके काढायला गेली होती. दुकानात एक वकील कोटाच्या ट्रायलला आले होते. मास्तर तोंडात टाचण्या धरून, डाव्या हातानं पाठीची शिवण चिमटीत घेऊन, उजव्या हातातल्या पट्टीनं लांबी बघत मागे सरकले आणि त्यांची टाच बटणाच्या कमरेला लागली.

बटण गुरगुरला.

खोल, खरखरीत, दोन श्वास पुरेल एवढा. वकील दचकले, शिवण चिमटीतून सुटली, आणि मास्तरांनी शिवणीवरची नजर न हलवता सटकन पट्टी त्याच्या नाकावर मारली.

मारल्यावर त्यांना कळलं. टाचण्या तोंडातून गळून जमिनीवर पडल्या. बटण टेबलाखाली पार कोपऱ्यात गेला होता.

"चावतो का हो?" वकिलांनी विचारलं.

"नाही," मास्तर म्हणाले. "हात वर करा."

बायको आली, पायातली चप्पल काढायच्या आधीच तिनं विचारलं, "बोलला का काही?"

गुरगुरला म्हणावं, तर त्याच्या पुढचंही सांगावं लागलं असतं. मास्तर म्हणाले, "कुठे काय." उद्याचा एक दिवस हातात आहे, आज बोलला तो उद्याही बोलेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलंच नाही. सकाळपासून ते टेबलाखाली डोकं घालून गुरगुरत राहिले, गयावया करत राहिले. कमरेवर बोट दाबूनही बघितलं. बटण थरथरला, पण तोंड घट्ट मिटून राहिला.

सोळाव्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "एकदाही नाही?"

बटणाचं डोकं मास्तरांच्या मांडीवर होतं. बायको बरा झालेला हात त्याच्या पाठीवरून फिरवत होती. अजूनही सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं.

"एकदाही नाही," मास्तर म्हणाले.

सुई टोचली तेव्हा बटणानं आवाज केला नाही. थोड्या वेळानं डॉक्टर हात धुवायला आत गेले. बायकोनं पदरानं डोळे पुसले आणि मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला.

"असं मनाला लावून घेऊ नका हो," ती म्हणाली. "तुम्ही किती केलंत त्याच्यासाठी. मी बघितलंय ना."

मास्तरांनी मान डोलावली.