सातव्या लेव्हलचा बांध

रविवारी दुपारी, माण गावातल्या माझ्या भाड्याच्या खोलीत बसून मी माझीच गेम इंटरनेटवरून कायमची काढून टाकणार होते. जेवण झालं होतं, मनही घट्ट केलं होतं... आणि तेवढ्यात घरमालकीण काकू गळका नळ बघायला वर आल्या.

आधी गेमबद्दल सांगते. पोटासाठी मी आयटी पार्कात टेस्टर आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातली खोट काढायचा मला पगार मिळतो. सुट्टीच्या दिवशी मात्र गेली दोन वर्षं मी एकटीनेच कोड्यांची एक छोटी गेम बनवतेय... डोंगरउतारावरची भातखाचरं, वर एक झरा, हातात एक फावडं, आणि झऱ्याचं पाणी आपल्या खाचरापर्यंत आणायचं. मारामारी नाही, घड्याळ नाही, एवढंच.

डेमो टाकला तेव्हा पहिल्या सहा लेव्हल्स लोकांनी डोक्यावर घेतल्या. अशा एकट्यादुकट्याने बनवलेल्या गेम्स खेळणारी मंडळी फार मायाळू असतात, झाड वाकडं आलं तरी 'हाताने काढलंय, छान वाटतं' म्हणतात. पण कोड्यात फसवलेलं त्यांना अजिबात खपत नाही. सातवी लेव्हल आली की सगळे माझ्यावर उखडायचे.

सातवीत आपलं खाचर सगळ्यात खाली आणि मधे शेजाऱ्याचं. उत्तर असं की नेमक्या क्षणी, नेमक्या जागी शेजाऱ्याचा बांध फोडायचा, म्हणजे पाणी थेट आपल्यात. क्षण जरा चुकला की माती वाहून जाणार, आणि पुन्हा पहिल्यापासून.

'हे कोडं नाही, शिक्षा आहे,' असं एकाने लिहिलं. एका बाईंनी लिहिलं, 'इतका शांत खेळ इथे अचानक असा का वागतो?' हे मला फार लागलं, कारण मलाच माहीत नव्हतं. तीन महिने मी जागा बदलून पाहिली, तो क्षण लांबवून पाहिला... प्रत्येक वेळी रिव्ह्यू तेच. शेवटी म्हटलं, नाही जमत आपल्याला, बंद करू दुकान.

तर काकू. पूर्वी त्यांची भातशेती होती, आता अकरा खोल्या भाडेकरू आहेत. त्यांनी खालून एक हाक मारली की तिसऱ्या मजल्यावरचे गिझरसुद्धा बंद होतात.

नळ बघून झाला आणि त्यांची नजर स्क्रीनवर गेली. "हे कुनाचं रान?"

मी म्हटलं, खेळ आहे, बघता का खेळून? त्यांनी पदराला हात पुसले आणि सरळ माझ्या खुर्चीत बसल्या. सातवी लेव्हल उघडीच होती. माऊस कसा धरायचा तेवढं दाखवलं आणि मी मागे गप्प उभी राहिले... खेळणाऱ्याला काही सुचवायचं नाही, हा आमच्या धंद्याचा नियम.

स्क्रीनवर माझी सूचना आली, 'बांध फोडा'. काकूंनी ती वाचली. "कुनाचा?"

"शेजाऱ्याचा."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे असं बघितलं, जणू मी चपला घालून त्यांच्या देवघरात शिरले. "अगं, दुसऱ्याचा बांध फोडत्यात व्हय? डोकी फुटत्यात त्यापायी!"

मग त्यांनी झऱ्याचं पाणी शेजाऱ्याच्या खाचरात सोडलं आणि माऊसवरचा हात काढून घेतला. एक मिनिट गेलं, दोन गेली, चार गेली... खाली आपलं खाचर कोरडं ठाक. मला राहवेना, नियम मोडून मी म्हटलं, काकू, काहीतरी करावं लागेल.

"थांब की जरा. आदी त्याचं भरू दे. त्याचं भरल्याबिगर आपल्यात पानी येतंय व्हय?"

शेजाऱ्याचं खाचर काठोकाठ भरलं. त्याच्या बांधाला कोपऱ्यात मी एक बारीकशी खाच काढली होती, केवळ शोभेसाठी, पौडकडे जाताना शेतांत दिसते तशी. पाणी त्या खाचेपाशी आलं, जरा अडलं... आणि एक बारीक धार खालच्या खाचरात उतरली.

मी वाकून स्क्रीनच्या अगदी जवळ गेले. हे मी लिहिलेलंच नव्हतं! मी फक्त लिहिलं होतं की पाणी उताराला जाईल आणि भरलं की सांडेल. बाकीची वाट पाण्याने स्वतःच शोधली होती, आणि ती दोन वर्षं तिथेच होती. इतके जण खेळले, मी स्वतः शेकडो वेळा खेळले... पण हात बाजूला ठेवून कुणी बसलंच नव्हतं.

थोड्या वेळाने दोन्ही खाचरं एकदम हिरवी झाली. माझ्याच गेममध्ये ती दोन्ही एका वेळी हिरवी झालेली मी कधी पाहिली नव्हती. खोटं कशाला सांगू, मला रडूच आलं.

काकूंचं लक्ष नव्हतं, त्या स्क्रीनकडेच बघत होत्या. मग त्यांनी आपला रिव्ह्यू दिला. "पानी झ्याक केलंयस. पर बेडकं न्हाईत ह्यात. भरल्या खाचरात बेडूक न्हाई, असं कुटं असतंय?" आणि मोटार चालू राहिली म्हणत तरातरा खाली गेल्या. नळ अजून गळतोच आहे.

गेम मी काढली नाही. सातव्या लेव्हलमधली ती दोन शब्दांची सूचना तेवढी खोडली, बाकी सगळं जसंच्या तसं ठेवलं.

दोन वर्षं खपून मी एक असं जग उभं केलं होतं, जिथे कुणाचं काही फोडायची गरजच नव्हती... आणि आत येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात फावडं देऊन मीच सांगत होते, फोडा. काकू, तुम्ही थांबलात म्हणून मला ते दिसलं.