शेपटीवरचं कुंकू

"थरथर हाय." हेलिकॉप्टरच्या शेपटीवर दोन बोटं टेकवून, डोळे मिटून मामा एवढंच म्हणायचे. मग त्या दिवशी ते उडणार नाही हे आम्ही समजून घ्यायचो.

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत माझ्या वेल्डिंगच्या दुकानाला लागून त्यांचं लेथचं दुकान होतं. दोन हात लांबीचं ते रिमोटवरचं हेलिकॉप्टर त्यांनी स्वतः बांधलं होतं. कुणी खेळणं म्हटलं की भडकायचे. "खेळणं? अंगावर येऊ दे, मंग सांग!" शेपटीचा टीचभर पंखा म्हणजे त्यांचा जीव की प्राण. त्याचं एक पातं गुंजभर जड झालं तरी शेपटी हादरते, बेअरिंग झिजतं, आणि तो पंखा गेला की सगळं यंत्र भोवऱ्यासारखं गिरक्या घेतं, हे ऐकून ऐकून आमचं पाठ झालं होतं. "मामा, आज शेपटीची तब्येत कशीय?" असं विचारलं की पान्हा उगारायचे आणि लगेच चहा सांगायचे.

त्या वर्षी गणपती मंडळाच्या अध्यक्षाला हौस आली, मिरवणुकीवर हेलिकॉप्टरमधून फुलं पडली पाहिजेत. मामा आनंदानं हो म्हणाले. पण आदल्या दिवशी बोटं टेकवली आणि चेहरा उतरला. "बेअरिंग गेलंय. न्हाई उडवायचं. खाली लेकरं राहत्यात."

अध्यक्ष ऐकेल तर शपथ! दुसऱ्या दिवशी त्याची माणसं हेलिकॉप्टर उचलून मिरवणुकीच्या मैदानात घेऊन गेली, मामा मागं धावले. नारळ फुटला, पूजा झाली, आणि अध्यक्षानं शेपटीच्या एका पात्यावर ओल्या कुंकवाचा, अक्षता चिकटवलेला जाड टिळा थापला. आपण खंडेनवमीला मशीनला लावतो तसा.

"पुसा ते!" मामा ओरडले. "एका पात्याला टिळा, दुसरं काय सावत्र हाय?"

"देवाचं पुसता? व्हा बाजूला!" अध्यक्षानं त्यांना दंडाला धरून मागं सारलं. रिमोट त्याच्या मेहुण्याकडं होता. त्याला उडवायला मामांनीच शिकवलं होतं.

यंत्र वर गेलं, फुलं पडली, टाळ्या झाल्या. मग शेपटी हादरायला लागली. पातं सुटलं, आणि हेलिकॉप्टर गिरक्या घेत लेकरांच्या घोळक्याकडं निघालं. मामा आडवे गेले. वरच्या पंख्यानं त्यांची दोन बोटं नेली, ज्यांना थरथर कळायची तीच.

आणि लोक काय म्हणाले, ऐका! "कुंकू पुसा म्हणाला, म्हणून झालं." अध्यक्ष स्वतः हे सांगत फिरला. माझी तळपायाची आग मस्तकात गेली, ती आजही उतरलेली नाही. मामा कुणाशी एका शब्दानं भांडले नाहीत, त्याचाही मला राग आहे. मोडकी शेपटी मांडीवर घेऊन डाव्या हाताची बोटं टेकवायचे आणि मान हलवायचे. "ह्या बोटायला काहीच कळत न्हाई रे."

मामा गेले. तेराव्याला अध्यक्ष आला. फोटोला हार घातला, काचेवर अंगठ्यानं कुंकवाचा टिळा ओढला आणि चारचौघांत म्हणाला, "देवमाणूस होता. तेवढं कुंकवाला नावं ठेवायला नको होतं."

मी उठलो. भरल्या मांडवात, त्याच्या डोळ्यांत बघत, शर्टाच्या बाहीनं तो टिळा पुसून टाकला.