नखाची खूण

क्रांती चौकाजवळच्या प्राण्यांच्या दुकानात मी हाडाच्या आकाराच्या एका पांढऱ्या खेळण्यावर अंगठ्याचं नख रोवलं, तेव्हा दुकानदार गल्ल्यावरून उठून आला. त्याआधी चार वस्तूंना नख लावून झालं होतं. "क्या मॅडम, पूरे माल को नाखून लगा रहे आप," तो म्हणाला. मी म्हटलं, खूण उमटली तर घेणार, नाही तर नाही. आज सकाळी कोणाचं तोंड बघितलं होतं, असा चेहरा करून तो परत गल्ल्यावर जाऊन बसला.

ही परीक्षा मला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी शिकवली होती. आमचं पिल्लू तेव्हा चार महिन्यांचं होतं. त्याचे दुधाचे दात पडून पक्के येत होते आणि हिरड्या शिवशिवत असल्यानं दिसेल ते चावायचं. माझी एक चप्पल, मोबाइलच्या चार्जरची वायर, पायपुसण्याचा कोपरा, सगळं झालं होतं. "चावू द्या त्याला ताई, पण काय चावायचं ते तुम्ही ठरवा," बाई म्हणाल्या. "अंगठ्याचं नख दाबून बघा. खूण उमटली तर चालेल. नाही उमटली तर त्या वस्तूनं दात तुटतो. शिजवलेलं हाड नको, त्याच्या किरच्या होतात. चामड्याची हाडं मिळतात, ती पोटात जाऊन फुगतात. अख्खी गिळता येईल अशी बारकी वस्तू नको. आणि लाकूड तर मुळीच नको, कुसळं टाळूत रुततात."

मी सगळं लिहून घेतलं. मला लिहून घ्यायची आणि तपासायची सवयच आहे. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत औषधाच्या बाटल्यांची बुचं बनवणाऱ्या कंपनीत मी अठरा वर्षं तपासणी विभागात आहे. माझी सही झाल्याशिवाय खोकं बाहेर जात नाही. आमच्या विभागाचा एकच नियम: कागदावरच्या टिक-खुणेवर विश्वास ठेवायचा नाही, वस्तू स्वतः हातात घेऊन बघायची. नव्या मुलींना मी हे इतक्यांदा ऐकवलंय, की माझ्या पाठीमागे त्या माझी नक्कल करतात. करू देत. माझ्या हातून खराब माल कधी गेला नाही, असं मी तोपर्यंत छाती पुढे काढून सांगत असे.

पिल्लू मी आणलेलं नव्हतं. मला कुत्र्यांचा कधीच सोस नव्हता. माझ्या धाकट्या दिरानं ते देवगाव रंगारीहून, आमच्या शेतावरून, खोक्यात घालून आणलं. दिवाळीच्या आधी ह्यांच्या गालाचं ऑपरेशन झालं होतं. कॅन्सर. मग दीड महिना रेडिएशनचे शेक दिले. त्यानंतर ह्यांचा जबडा आवळत गेला आणि बोलणंही. दिवसभर मुकुंदवाडीच्या घरात मागच्या खोलीत बसून राहायचे. गावी गेलं की पारावरच्या सगळ्यांना हसवणारा माणूस. दीर खोकं खाली ठेवत म्हणाला, "वहिनी, मान्साशी नाय तर नाय, ह्याच्याशी तरी बोलंल दादा."

आणि खरंच बोलायचे. अर्धवट उघडलेल्या ओठांमधून काहीतरी पुटपुटायचे आणि ते पिल्लू मान तिरकी करून ऐकायचं. मला सुरुवातीला बरं वाटलं, नंतर थोडा रागही आला. सव्वीस वर्षं संसार मी केला आणि बोलणं ह्याच्याशी.

ह्यांना तोंडाचा व्यायाम सांगितला होता. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या घ्यायच्या, एकीवर एक ठेवून गठ्ठा करायचा आणि पुढच्या दातांमध्ये सरकवून धरायचा. दिवसातून पाच वेळा. आठवड्याला एक काडी वाढवायची. सुरुवात सात काड्यांनी झाली होती, वीसपर्यंत जायचं होतं. डॉक्टर तोंड उघडणं बोटांनी मोजतात. निरोगी माणसाची तीन बोटं आत मावतात, ह्यांचं एकच मावायचं. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं होतं, "तोंड उघडलं नाही तर जेवण नळीनं. आणि आजार परत आला तर मला आत बघताच येणार नाही. औषधापेक्षा ह्या काड्या महत्त्वाच्या आहेत."

मी लगेच तक्ता केला. तारीख, काड्या किती, पाच वेळांचे पाच रकाने. फ्रिजवर चिकटवला आणि सोबत दोऱ्यानं पेन बांधलं. व्यायाम करताना लाळ गळायची, डोळ्यांत पाणी यायचं. ते मला दिसू नये म्हणून हे मागच्या खोलीचं दार लोटून घ्यायचे. "तू नको बघू," म्हणायचे. मी बघितलं नाही. हे बाहेर आले की स्वतः टिक करायचे आणि रविवारी मी आठवड्याखाली सही करायचे. मार्चच्या तपासणीत अकरा काड्या झाल्या होत्या. डॉक्टरांनी पाठ थोपटली आणि पुढची तारीख दोन महिन्यांनंतरची दिली. त्या दिवशी घरी आल्यावर ह्यांनी भाकरीचा पापुद्रा दुधात बुडवून खाल्ला. पुढच्या दिवाळीला अख्खी भाकरी मोडून खाईन, असंही म्हणाले.

पिल्लासाठी शेवटी दोन गोष्टी पास झाल्या. एक जाड रबराचं कडं आणि दुसरं गाजर. ओल्या फडक्याला गाठी मारून ते फ्रीजरमध्ये ठेवायचं, हेही बाईंनीच सांगितलं होतं, पण फडकं त्यानं दोन दिवसांत फाडलं. गाजरं मात्र त्याला फार आवडली. गार गाजर हिरड्यांवर दाबून डोळे मिटून बसायचं. एकदा गाजराला रक्त लागलेलं दिसलं आणि शेजारी तांदळाएवढा दात पडलेला. मी घाबरले, पण हे हसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. तो दात त्यांनी काडेपेटीत ठेवून दिला. मी त्या आठवड्यात बाजारातून पिशवीभर गाजरं आणून फ्रीजर भरून टाकला.

मग एक दिवस झाडताना कॉटखाली चावलेली काडी सापडली. टोकाला कुसळं निघालेली. माझा जीव उडाला. पिल्लाला मांडीत आडवं करून मी त्याचा जबडा फाकवला, बॅटरी धरून टाळू बघितला, हिरड्यांवरून बोट फिरवलं. काही नव्हतं. काड्यांचा डबा मी कपाटावर ठेवला. चार दिवसांनी पुन्हा दोन काड्या सापडल्या. पिल्लाला मी चोरटं, दरोडेखोर, काय काय म्हटलं. कपाटावर कसं चढतं, हा प्रश्न मला पडला होता, पण उत्तर शोधायला मी थांबले नाही. हे कॉटवर बसून सगळं ऐकत होते.

त्याच सुमारास पिल्लानं देव्हाऱ्यातली सुपारी पळवली. खालच्या फळीवर पूजेच्या सुपाऱ्यांची वाटी होती. मी धावत जाऊन त्याच्या तोंडातून ती बोटानं ओढून काढली आणि सवयीनं अंगठ्याचं नख दाबलं. खूण उमटली नाही. पुन्हा दाबलं. नखच दुमडलं.

मी तिथंच फरशीवर बसले. हे दारूला शिवले नाहीत, तंबाखू नाही, गुटखा नाही. फक्त सुपारी. आणि ती मीच द्यायचे. रविवारी दुपारी अडकित्ता घेऊन बसायचे आणि आठवड्याची सुपारी बारीक कातरून डबीत भरायचे. सकाळी हे कामावर निघाले की डबी खिशात आहे ना, ते मी शर्टावरून चाचपून बघायचे. माहेरी अभिमानानं सांगायचे, आमच्या ह्यांना कसलं व्यसन नाही. पूजेत ठेवतात ती वस्तू, तिनं काय व्हायचंय? कुत्र्याच्या पिल्लानं काय चावावं, हे विचारायला मी दोन रिक्षा बदलून डॉक्टरकडे गेले. नवऱ्यानं काय चावावं, हे सव्वीस वर्षांत कोणालाही विचारलं नाही.

"काहून रडती?" ह्यांनी विचारलं. मी सुपारी दाखवली. "ऱ्हाऊ दे," म्हणाले. "तू काय हातानं भरवली का?"

भरवलीच होती. लग्नानंतर पहिली कित्येक वर्षं जेवण झालं की हे हात पुढे करायचे आणि मी तळहातावर ठेवायचे.

मेच्या सुरुवातीला एकदा कंपनीत वीज गेली आणि आम्हाला दुपारीच सोडलं. मी किल्लीनं दार उघडून आत आले. मागच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. हे कॉटच्या कडेला बसले होते, पिल्लू दोन्ही गुडघ्यांमध्ये. काड्यांचा गठ्ठा ह्यांच्या हातात होता. त्यातली एक काढून त्यांनी पिल्लापुढे धरली. दुसरं टोक स्वतः घट्ट पकडून, गिळू नये म्हणून. पिल्लू दाढांनी कराकरा चावत होतं. काडी पिंजली की ती बाजूला ठेवायची आणि दुसरी द्यायची. ह्यांच्या तोंडाला गठ्ठा लागलासुद्धा नव्हता. मग हे उठले, काठीनं काड्यांचा डबा कपाटावर सरकवला आणि फ्रिजकडे येऊन दुपारच्या रकान्यात टिक केली. वळले तर समोर मी.

"कधीपासून?" मी विचारलं.

त्यांनी हातातलं पेन दोऱ्यावर सोडून दिलं. मग म्हणाले, "महिना झाला. लई दुखतं गं. कान फाटल्यावानी व्हतं."

"मला सांगायचं नाही?"

"तू सही करत व्हती. तुला बरं वाटायचं."

मला इतका राग आला, की मी तक्ता फाडायला हात घातला आणि मग तसाच मागे घेतला. राग नक्की कोणाचा होता, हे मला कळत नव्हतं. पाच आठवड्यांच्या पाच सह्या होत्या, माझ्या, वळणदार. कंपनीत एखाद्या मुलीनं असं केलं असतं, तर मी तिला उभं केलं असतं. मी गठ्ठा हातात घेतला, त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, "आता माझ्यासमोर." मार्चमधल्या अकराही गेल्या नाहीत. नऊ नाहीत, सात नाहीत. पाच काड्यांवर त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि पिल्लू माझ्याकडे बघून भुंकायला लागलं. त्यानंतर रोज पाचही वेळा आम्ही समोरासमोर बसलो. त्यासाठी मी रजा काढली. पाचाच्या सहा झाल्या नाहीत.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांचं बोट आत गेलं नाही. त्यांनी करंगळी लावून बघितली. मग तक्ता बघितला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "एवढा व्यायाम करून तोंड बंद होत असेल, तर मला आजार परत आल्याचीच शंका येईल," ते म्हणाले.

"तक्ता खोटा आहे," मी म्हटलं. "मी न बघता सह्या केल्यात." हे खाली मान घालून बसले होते. त्यांना असं चारचौघांत उघडं पाडताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तो कागद पुढे जाऊ देणं शक्य नव्हतं. डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त सांगितलं, की शेक दिलेले स्नायू एकदा असे आवळले, की पुन्हा सैल होतीलच असं नाही. आत बघता येत नाही, तेव्हा स्कॅनवर जे दिसेल त्यावर भागवायचं. आणि वजन फार उतरलंय, म्हणून नळी.

नळी नाकातून घातली, त्याला आता दोन महिने होत आले. पिल्लाचे सगळे दात आले आहेत. हिरड्या शिवशिवायच्या थांबल्या आणि त्याचा गाजरांचा नाद सुटला. फ्रीजर उघडला की मला ती दिसायची. परवा मी ती बाहेर काढली, शिजवली, मिक्सरमधून काढली आणि बारीक गाळणीनं गाळली. नळीत अडकू नये, इतकं पातळ केलं. ह्यांना उशीला टेकवून बसवलं, सिरिंज लावली आणि हळूहळू सोडायला लागले. केशरी पाणी नळीतून वर चढून नाकात जाताना ह्यांनी बघितलं.

"काय हाय?" दातांमागून आवाज आला.

"गाजर."

"गोड हाय का?"

मी चाखलंच नव्हतं. गाळणीतला चोथा तसाच राहिला होता. मी चिमूटभर उचलून तोंडात टाकला आणि चावून बघितला. "गोड आहे," मी म्हटलं. मी चावत होते तोवर ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले.