शेवंताबाईंचा डोळा आणि गोंदाचा थेंब

शेवंताबाईंच्या डोळ्यातून पाणी गळत होतं, पण ते आसू नव्हते. डोळ्याच्या आतलं पाणी होतं. तपासणीचा पिवळा रंग टाकून मी मायक्रोस्कोपमधून पाहिलं, तर रंगात आतलं पाणी मिसळून कॉर्नियावरून हिरवी धार वाहत होती.

कॉर्निया म्हणजे बुबुळावरची काच. धान कापताना पात लागून तिथे जखम झाली, ती चिघळली, आणि आता टाचणीच्या डोक्याएवढं भोक पडलं होतं. दुसरा डोळा लहानपणी देवी निघाल्या तेव्हाच गेलेला. लेक त्यांना नवेगाव बांधहून एसटीने गोंदियाला घेऊन आली होती.

मी नागपूरला माझ्या सरांना फोन लावला.

"बदलायला कॉर्निया इथेही नाही," सर म्हणाले. "फ्रीजमध्ये टिश्यू ग्लू आहे ना?"

"आहे सर. पण मी कधी लावला नाही."

"मग आज लाव. जागा कोरडी कर. थेंब लहान घे. लहान म्हणजे लहान."

भोकावर जखम चिकटवायचा गोंद लावणार, असं लेकीला सांगितलं, तर ती उठूनच उभी राहिली. "डोऱ्यात गोंद? काऊन म्याडम, चप्पल हाये का थे?"

टेबलावरून शेवंताबाई म्हणाल्या, "लावू दे वो. तसाबी डोरा जाऊनच राह्यला."

डोळा बधिर केला. पहिला थेंब सुईच्या टोकावरून सोडला. जागा ओली राहिली होती. थेंब पाण्याला लागला आणि क्षणात त्याचा खडा झाला, बाजूला घरंगळला.

खडा चिमट्याने उचलला. आत हवेचा छोटा बुडबुडा सोडला, म्हणजे पाणी भोकापासून दूर राहील. बारीक स्पंजने कडा टिपून घेतल्या. दुसरा थेंब पहिल्याच्या पाव भागाएवढा असेल. तो भोकावर पसरला, आणि माझ्या डोळ्यांदेखत चकाकी गेली. द्रवाचं कवच झालं होतं. परत रंग टाकला. धार नव्हती.

मी मायक्रोस्कोपवरून डोकं काढलंच नाही.

द्रवाचं असं कवच होणं, यालाच ॲनायनिक पॉलिमरायझेशन म्हणतात. गोंदाचे कण सुटे सुटे असतात. पाण्यातला एखादा ऋणभारित कण एकाला चिकटतो. मग तो भार त्या कणाच्या टोकावर येतो, टोक पुढचा कण धरतो, भार आणखी पुढे सरकतो. काही सेकंदांत हजारो कणांची साखळी. बारावीत हे मी मार्कांसाठी पाठ केलं होतं. ते एका बाईच्या डोळ्यात घडताना पाहायला मिळेल, असं कधी वाटलं नव्हतं. ज्या पाण्यामुळे डोळा रिता होत होता, त्याचाच उरलेला ओलावा साखळी सुरू करत होता. जास्त झाला की खडा, नेमका असला की झाकण.

वरून कॉन्टॅक्ट लेन्स बसवली, औषधं चालू ठेवली. दोनेक महिन्यांनी कवच आपोआप सुटलं. खाली पांढरा व्रण होता, भोक भरलं होतं. व्रण कडेला असल्यामुळे नजर वाचली.

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं.

"म्हंजे माया डोऱ्यातल्या पान्यानंच डोरा बुजवला?"

"सुरुवात पाण्याने केली, बाई."

"अन् तुमी?"

"मी पुसलं."

पुढे कितीतरी ज्युनिअरांना हे काम शिकवलं. सगळ्यांना थेंब टाकायची घाई असते. मी आधी अर्धा तास नुसतं टिपायला लावते.